एकशे चौसष्ट

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं एक दुकान होतं. त्या दुकानात बसून झेरॉक्सबाईंनी भौतिकशास्त्राचे जितके प्रयोग पाहिले होते, तितके आतल्या एकाही प्राध्यापकाने पाहिले नसतील. परीक्षा जवळ आली की मुलं वरच्या वर्गातल्यांच्या प्रयोगवह्या काखोटीला मारून येत. बाई झाकण उचलून पान पालथं घालत, हिरवा उजेड या टोकाकडून त्या टोकाकडे जाई, आणि आणखी एका पोराचा अभ्यास आटोपे. अक्षर बदले, शाई बदले, एखाद्या पानावर चहाचा गोल डाग येई. उत्तर मात्र बदलत नसे. पोलादी तारेची ताठरता दोनशे. एखादा जरा डोकेबाज असला तर एकशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा लिही, कारण खोटं थोडं चुरगळलेलं असलं की खरं वाटतं. आता दोनशे म्हणजे दोनशे काय, हे ज्याला हवं त्याने पुस्तक उघडून पाहावं. या गोष्टीला नुसतं दोनशे पुरे.

हे दोनशे यायचं कुठून? तर विभागप्रमुखांच्या तोंडून. तारेचा प्रयोग चालू असला की ते टेबलाशी येत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "पोलाद ना? दोनशे आलं पाहिजे. नाही आलं तर मागून या." मागून येणं म्हणजे आधी उत्तर लिहायचं आणि मग त्या उत्तराला शोभतील अशी वाचनं बसवायची. बूट आधी घ्यायचा आणि पाय मागाहून कापायचा, तसला प्रकार. पोरं त्यांना पाठीमागे 'दोनशे सर' म्हणत. माणूस वाईट नव्हता. वेळेवर येई, कुणाला उगाच नापास करत नसे, आणि आपण मुलांचं भलंच करतो अशी त्याची मनोमन खात्री होती. अशी खात्री असलेल्या माणसाशी भांडणं सगळ्यांत अवघड.

बाईंचं स्वतःचं कॉलेज शेवटच्या वर्षाच्या तोंडाशी सुटलं होतं. लग्न झालं, मुलगी झाली, दुकान झालं, आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता मुलगीच कॉलेजात जाऊ लागली. मग विद्यापीठाची एक सूचना आली: शिक्षण अर्धवट सोडलेल्यांना शेवटचं वर्ष पूर्ण करायची एकदाच संधी, एकही विषय राहिला तर दार कायमचं बंद. ती सूचना छापायला बाईंच्याच दुकानात आली होती. बाईंनी सांगितल्या तितक्या प्रती काढल्या, वर एक जास्तीची काढली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हातातली भाजी निवडायची थांबल्या. "मुलीच्या वर्गात बसणारी आई मी जन्मात पहिल्यांदा बघते आहे. मग माझंही नाव बालवाडीत घाला. तिथे दुपारी झोपू तरी देतात."

"आई, मी गंमत करत नाहीये."

"तेच तर. तू गंमत कधी करतेस? मोडशील पण वाकायची नाहीस." आणि मग मान खाली घालून, भाजीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "सकाळचा स्वयंपाक मी बघेन. रोज तीच भाजी झाली तर कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

नवऱ्याने एवढंच विचारलं, "यंत्रात कागद अडकला की काय करायचं असतं?"

खरा अडथळा मुलगी होती. ती दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा अट घालूनच बोलली. "कॉलेजात तू मला ओळखत नाहीस. हाक मारायची नाही, डब्यात काय दिलंय ते सांगायचं नाही, काही नाही."

"बरं. आणि वाटेत गाडीखाली येत असलीस तर? ओरडू, की तेही नाही?"

"आई, प्लीज."

बाईंनी अट पाळली. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं की या मायलेकी आहेत. वर्ग होता, आंधळ्यांची शाळा नव्हती. पण मुलगी 'आई' म्हणून हाक मारत नाही तोवर ते ठाऊक नसल्यासारखं चालत होतं. वर्षभर दोघी एकाच घरातून दहा मिनिटांच्या अंतराने निघत. बाईंना याचं वाईट वाटे का? वाटे. चांगलंच वाईट वाटे. पण त्या तोंडाने बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत हे नवल होतं.

लेखी परीक्षा झाली, बरी गेली. उरली प्रात्यक्षिकाची. आडनाव एकच, त्यामुळे बैठक क्रमांक लागोपाठ आणि टेबलंही शेजारी शेजारी. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक जुनी खोली; डोक्यावर लाकडाच्या जाड तुळया, भिंतीत घुसलेल्या. वरच्या मजल्यावर भांडारखोली होती. निकामी बॅटऱ्या, मोडके पंखे, जुन्या उत्तरपत्रिकांनी ठासून भरलेली लोखंडी कपाटं, जे टाकवत नाही ते सगळं तिथे. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक मॅडम दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या ना हसत होत्या, ना रागावत होत्या. चिठ्ठ्या उचलल्या. मुलीला आलं भिंग. बाईंना आली तार; वर्षभरात तिच्यापुढे बसायची त्यांची पाळी आलीच नव्हती.

"चला, सुटलात," दोनशे सर जाता जाता पुटपुटले. "सोपा आहे."

सोपा होताच. भिंतीलगत वरून दोन तारा सोडलेल्या असतात. एक मापायची. तिच्या टोकाच्या आकड्यावर एकेक वजन चढवत जायचं. दुसरी सोबतीची, तिला एकच वजन कायमचं टांगलेलं, ती नुसती शेजारी उभी राहते. दोघींच्या खालच्या चौकटींवर गवंड्याकडे असते तशी बुडबुड्याची नळी आडवी ठेवलेली. वजन टाकलं की मापायची तार केसभर लांबते, तिची बाजू खाली जाते, बुडबुडा सरकतो. मग स्क्रू फिरवून बुडबुडा पुन्हा मध्ये आणायचा. स्क्रू जितका फिरला तितकी तार लांबली. पुढचं सगळं भागाकाराचं काम. तारेच्या जाडीवर किती जोर आला, तो स्ट्रेस. मूळ लांबीच्या मानाने ती किती ताणली गेली, तो स्ट्रेन. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ताठरता. ताठ म्हणजे मजबूत नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायचं. काचही ताठच असते, पण हातातून सुटली की संपली. पोलादाची गोष्ट वेगळी. ते वजनापुढे हिशेबात वाकतं आणि वजन गेलं की होतं तिथे परत येतं. सासूबाईंच्या त्या 'मोडशील पण वाकायची नाहीस'ला बाईंना हेच उत्तर द्यायचं होतं, पण भाजी निवडणाऱ्या बाईला स्ट्रेन समजावत कोण बसणार!

बाईंनी तार मापली, वजनं चढवली, वाचनं लिहिली, भागाकार केला. आलं एकशे चौसष्ट.

त्यांनी भागाकार पुन्हा केला. एकशे चौसष्ट. मग जाडीकडे वळल्या, कारण जाडीचा वर्ग होतो आणि तिथे जरा चूक झाली की सगळं ओमफस. तारेची जाडी वर मापली, मध्ये मापली, खाली मापली, आडवी उभी दोन्ही मापली. बरोबर होती. लांबी मापली. बरोबर. वजनं बदलून पाहिली. एकशे त्रेसष्ट. दोनशेच्या जागी एकशे चौसष्ट म्हणजे थोडकी चूक नाही, आणि आज चूक परवडणारी नव्हती. एवढं वर्ष, रोजची ती एकच भाजी, नवऱ्याने अडकवून ठेवलेले कागद, मुलीचा अबोला, सगळं या एका आकड्याला टांगलेलं होतं.

शेजारच्या टेबलावरून ओठ न हलवता कुजबुज आली. "दोनशे लिही ना."

बाईंनी पाहिलं. मुलगी भिंगातून मेणबत्तीकडे बघत होती. वर्षभरात कॉलेजच्या आवारात ती आईशी पहिल्यांदा बोलली होती, आणि बोलली होती ती हे.

"तुझं काय आलं?" बाईंनी तसंच विचारलं.

"जे यायला पाहिजे ते."

तेवढ्यात दोनशे सर आले, चष्मा कपाळावर. आकडा बघून त्यांनी च्यक् केलं. "अहो बाई, असं कसं? मागून या, मागून. अजून वेळ आहे."

"सर, आधी वजनं उतरवून बघते."

"उतरवा, पण दोनशेवर उतरा," सर म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पुढे गेले.

बाईंनी एकेक वजन उतरवायला घेतलं. चढताना जिथे जे वाचन होतं, उतरतानाही तिथे तेच यायला हवं. आलं नाही. सगळी वजनं काढली तरी सुरुवातीचा आकडा परत मिळेना; तार आपली लांबच राहिलेली. बाईंना हे मुळीच पटलं नाही. एवढ्याशा वजनाने पोलाद कायमचं ताणत नाही. त्यांनी पुन्हा वजनं चढवली, हात मागे घेतले आणि नळीकडे टक लावून बसल्या. कुणी काही केलं नव्हतं, आणि बुडबुडा हळूहळू भिंतीकडच्या टोकाला सरकत होता.

वर पावलं वाजली. लॅबचे शिपाई मामा कुणासाठी तरी नवी मेणबत्ती शोधायला भांडारखोलीत गेले होते. पावलं डोक्यावर आली आणि बुडबुडा धाडकन टोकाला पळाला. पावलं पुढे गेली, बुडबुडा परतला. पण होता तिथे नाही परतला.

बाईंनी मान वर केली. वर्षभरात त्या खोलीत कुणीच मान वर केली नव्हती.

मापायची तार तुळईला टांगलेली होती. सोबतीची तार मात्र भिंतीतल्या एका खुंटीला. बाईंना एकदम आठवलं, मामांनीच गेल्या वर्षी दुकानात सांगितलं होतं: तुळईवरची पट्टी चिरली, दोन्ही तारा तिच्यावर राहीनात, म्हणून एक भिंतीला टांगली. मामांना काय ठाऊक, की दोन्ही तारा एकाच आढ्याला टांगायच्या असतात त्या काही शोभेसाठी नाही! दोघी एकाच तुळईला असल्या की तुळई दबली तर दोघी सारख्याच खाली येतात, आणि मोजलं जातं ते फक्त तारेचं लांबणं. एक तुळईला आणि एक भिंतीला असली, की तुळईचं दबणंसुद्धा तारेच्याच नावावर लिहिलं जातं. तार दोनशेच होती. उरलेलं सगळं तुळईचं होतं. मूठभर वजनाने जी हलते, हलल्यावर परत येत नाही, आणि नुसतं टांगून ठेवलं तरी खचत राहते, ती तुळई भिंतीत कुठेतरी कुजली आहे. आणि वर ती कपाटं.

तारा हलवल्याला वर्ष झालं होतं. वर्षभर जी जी मुलं या तारेपुढे बसली, त्या प्रत्येकाचा आकडा चुकीचा आला असणार. प्रत्येक जण मागून आला. तुळई वर्षभर ओरडून सांगत होती, आणि वर्षभर लोक तिच्या तोंडावर दोनशे चिकटवत होते. त्या वह्यांच्या प्रती बाईंनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या.

मग त्यांची नजर खाली आली. त्याच तुळईच्या बरोबर खाली त्यांची मुलगी मेणबत्तीपुढे वाकून बसली होती.

बाई उठून तडक सरांकडे गेल्या आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आजूबाजूला पाहिलं आणि हसले. "काय बाई! नाचता येईना म्हणून अंगण वाकडं?"

"सर, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं."

सर हसायचे थांबले. बाईंना घेऊन दाराबाहेर व्हरांड्यात आले. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. "हे बघा, असेल. जुनी इमारत आहे, मी नाही म्हणत नाही. सुट्टी लागली की पहिलं काम सुतार बोलवायचं, शब्द देतो. पण आज त्या मॅडमपुढे हे काढलंत तर वर्षभराच्या सगळ्या वह्या उघड्या पडतील. मुलांचं नुकसान, कॉलेजची बदनामी, आणि तुमचं तर वर्षच काय, सगळंच जाईल. पुन्हा संधी नाही तुम्हाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. दोनशे लिहा, पास व्हा. तुळईचं माझ्याकडे लागलं."

बाईंना घाबरायला झालं. हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की असली माणसं पोलादाचीच घडवलेली असतात. सर शब्द पाळतीलही, असं त्यांना खरंच वाटत होतं. पण कागदांच्या धंद्यात त्यांची उमर गेली होती. एकदा कागदावर दोनशे पडलं की कागदावर तुळई धडधाकट होते. धडधाकट तुळईसाठी सुतार कोण बोलावतो? मग त्या कागदाची प्रत निघते, प्रतीची प्रत निघते, आणि शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर ती कपाटं येतात, तेव्हाही वह्यांत दोनशेच असतं.

"सर, तुमचा शब्द सुट्टीपर्यंत टिकेल," बाई म्हणाल्या. "तुळई टिकेल का, ते मला सांगा."

बाई आत आल्या, जागेवर बसल्या आणि उत्तराच्या चौकटीत एकशे चौसष्ट लिहिलं. ठळक लिहिलं, दोनदा गिरवलं. खाली एक ओळ लिहिली: तार ठीक आहे, तुळई खचते आहे. आणि कागद घेऊन परीक्षक मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

मॅडमनी तो वाचला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत नसेल तर प्रयोग सिद्ध झाला नाही असं मी धरते. नियम आहे. तुमची ही शेवटची संधी आहे, असं इथे लिहिलंय. विचार केलात?"

"केला. नापास करायचं तर करा. पण आधी या मुलांना उठवा."

खोलीतली सगळी डोकी वळली. कुणीतरी फिस्सकन हसलं. "झेरॉक्समावशी पेटली," मागून आवाज आला.

"परीक्षार्थींच्या सांगण्यावरून परीक्षा थांबत नाही," मॅडम म्हणाल्या. "जागा सोडेल त्याची गैरहजेरी लागेल. सगळ्यांसाठी सांगते आहे."

मग बाईंनी वर्षभर पाळलेली अट मोडली. शेजारच्या टेबलाकडे वळून, जेवायला हाक मारतात त्या आवाजात त्या म्हणाल्या, "ऊठ तिथून."

मुलगी लालबुंद झाली. तिच्यापुढे कागद होता, कागदावर यायला पाहिजे ते उत्तर होतं, आणि तिचं वर्ष तिच्या हातात होतं. तिला प्रयोगातलं काही कळलं होतं असंही नाही. तिने तुळईकडे पाहिलं तर ती नेहमीसारखीच दिसत होती, काळी आणि जाड. मग तिने आईकडे पाहिलं. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना हात घट्ट धरायचं ते तोंड.

तिने मेणबत्ती फुंकली आणि उठली.

"तुमची गैरहजेरी लागेल, कळलं ना?" मॅडमनी विचारलं. "या तुमच्या कोण?"

"माझी आई आहे ती," मुलगी म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "आई ऊठ म्हणते तेव्हा उगाच म्हणत नाही."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग खुर्ची सरकवून उठल्या आणि तारेच्या टेबलाशी आल्या. "दाखवा."

"काही करायचं नाही, मॅडम. हात न लावता नुसतं बघायचं."

मॅडम वाकल्या. बुडबुडा मुंगीच्या पावलाने भिंतीकडे सरकत होता. सर पुढे होऊन म्हणाले, "वाऱ्याने असेल, पंखा चालू आहे." मॅडमनी पंखा बंद करायला लावला. बुडबुडा सरकतच राहिला. आणि तेवढ्यात वर मामांची पावलं परत निघाली, मेणबत्ती सापडली असावी. पावलं डोक्यावर आली. बुडबुडा टोकाला आपटला आणि तिथेच राहिला. तुळई जिथे भिंतीत शिरत होती तिथून चिमूटभर भुसा निघाला आणि भिंगाच्या टेबलावर, आत्ताच उठलेल्या मुलीच्या कागदावर पडला.

"सगळे बाहेर," मॅडम म्हणाल्या. "पेन तिथेच ठेवा. आणि त्या मामांना सांगा, जिन्याच्या बाजूने भिंतीला धरून खाली या."

सुतार दुसऱ्या दिवशी आला. त्याने शिडी लावली, भिंतीलगत तुळईत पेचकस टोचला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. उपसून काढला तेव्हा त्याला ओला काळा चुरा चिकटला होता. सुतार खाली उतरला आणि वर बोट दाखवून त्याने एवढंच विचारलं, "याच्याखाली माणसं बसत होती?" सर तिथेच उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

कुणी बाईंचा सत्कार वगैरे केला असेल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. सगळ्या तुकडीची परीक्षा रद्द झाली, सुट्टीनंतर नव्याने ठरली, आणि तुकडीने बाईंना मनसोक्त शिव्या घातल्या. कुणाचं गावी जायचं राहिलं, कुणाचं लग्नाला जायचं. दुकानाच्या पाटीवर कुणीतरी खडूने 'तुळईबाई' लिहून ठेवलं. सासूबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "झेरॉक्सपेक्षा बरं आहे. निदान कळतं तरी." नवरा पुसायला निघाला, तर बाईंनी पुसू दिलं नाही. उलट त्याखाली स्वतःच्या हाताने आणखी एक पाटी लावली: इथे प्रयोगवह्यांच्या प्रती काढून मिळणार नाहीत. नवऱ्याने ती दोनदा वाचली, मोठा उसासा सोडला आणि सरळ टांगली नव्हती म्हणून सरळ केली.

फेरपरीक्षा त्याच खोलीत झाली. लाकडी तुळईच्या जागी लोखंडी गर्डर आला होता, वरची कपाटं तळमजल्यावर गेली होती, आणि तारांचे दोन नवे संच लावले होते, प्रत्येकातल्या दोन्ही तारा एकाच पट्टीला. मॅडम त्याच. चिठ्ठ्या उचलल्या, आणि या वेळी मायलेकी दोघींनाही तारच आली. त्या दिवशी दोघी घरातून एकदमच निघाल्या होत्या.

बाईंचं आलं एकशे त्र्याण्णव. त्यांनी पुन्हा तपासलं नाही. एकदा नीट मापलं होतं तेवढं पुरे होतं. मुलीचं आलं एकशे अठ्ठ्याऐंशी. ती जाडी तीनदा मापत बसली, भुवया जुळवून, खालचा ओठ दाताखाली घेऊन. सासूबाई म्हणतात, हे दोन्ही तिने आईकडून उचललं आहे.

सर कागद गोळा करत आले. दोघींचे शेजारी धरून पाहिले आणि त्यांच्यातल्या जुन्या माणसाला काही राहवेना. "अहो, एकाच घरातल्या दोघी. शेजारी शेजारी बसलात. निदान एकमेकींचं बघून आकडा तरी एक लिहायचा!"

बाईंनी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या आधी मुलगी बोलली.

"आईची तार आईने मापली, सर," ती म्हणाली. "ही मी मापली आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग वर गर्डरकडे. आणि दोन्ही कागद, होते तसे, मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले.